काटा एकशे नऊवर

१

भरधाव गाडी हाकणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. तरी माझं पोट त्यांच्यावरच चालतं. वाहनचालकांच्या संघटनेत मी चौकशीचं काम करते. वेगाचा दंड झालेला चालक रडत-ओरडत आला, की त्याला संघटनेने वकील द्यायचा की दारातूनच वाटेला लावायचं, हे मी ठरवते. बहुतेकांना मी वाटेला लावते. बायकोला कळा सुटल्या होत्या, पाटीपुढे झाड आलं होतं, मागचा ट्रक ढकलत होता, ब्रेक नीट लागत नव्हता... ब्रेक लागत नव्हता तर हळू चालवायचं, शहाण्या! एका महाभागाने तर गाडीत माशी शिरल्याचं सांगितलं होतं. माशीला बाहेर काढायला त्याला एवढा वेग लागला म्हणे.

त्या सकाळी मात्र एक बाई आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, माझा नवरा खोटारडा आहे. पण हे खोटं त्याचं नाही."

नवरा दाराशीच उभा होता. लांब हातापायांचा, चाळिशीकडे झुकलेला, चेहऱ्यावर शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलाचा भाव. पडदे शिवून देणाऱ्या एका दुकानाची व्हॅन तो चालवत होता. दुकानात त्याला रॉकेट म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. खरं तर एवढ्यावरूनच मी त्याला परत पाठवायला हवं होतं.

"आधीचे दंड?" मी विचारलं.

"तीन," तो म्हणाला.

"खरे?"

"खरे. एक शाळेच्या गल्लीत, दोन पुलावर."

"शाळेच्या गल्लीत!" मी म्हटलं. त्याने मान खाली घातली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की या विषयावरचं सगळं बोलून झालंय आणि घरातली दोन भांडीही त्यात गेली आहेत.

आता हा चौथा. चौथा दंड पडला की चालकाचा परवाना वर्षभर जमा होतो. परवाना गेला की रॉकेटला दुकानात ठेवणार कोण? ती स्वतः एका दवाखान्यात चादरी धुण्याच्या कामाला होती. घरात दोन मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू. एकीच्या पगारात ते घर एक महिनाही तरलं नसतं, आणि हे तिने मला रडून नाही, भाजी आणायला जाते अशा आवाजात सांगितलं. म्हणून मी त्या दोघांना बसवलं.

तिने नोटिशीबरोबर आलेला फोटो टेबलावर ठेवला. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एका टप्प्यात तीन कमानी आहेत, तिन्हींवर कॅमेरे. एका कमानीपासून दुसरीपर्यंत यायला गाडीला किती वेळ लागला, यावरून ते तिचा सरासरी वेग काढतात. त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून तिथे सुटका नसते. फोटो मागून काढलेला होता. पांढरी व्हॅन, दुकानाचं नाव, नंबर, सगळं लख्ख. चालवणारा मात्र दिसत नव्हता. पहिल्या दोन कमानींमधला वेग एकशे नऊ. पुढच्या दोन कमानींमधलाही एकशे नऊ.

"भर दुपारची वेळ आहे. तू कुठे होतास?"

"झोपलो होतो. दुकानाच्या माळ्यावर, अस्तराच्या गठ्ठ्यांवर."

"कुणी पाहिलं?"

"झोपायला साक्षीदार घेऊन जातात का मॅडम?"

"तुझ्यासारख्याने न्यावा," मी म्हटलं.

"अहो, त्या कमानींखाली मी कधी नव्वदच्या वर जातच नाही! व्हॅनला तिथे नव्वदच आहे. कॅमेरे आहेत ना तिथे."

"आणि कॅमेरे नसतात तिथे?"

तो छताकडे बघू लागला. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला असावा, कारण तो एकदम खाली वाकला आणि त्याची नजर पहिल्यांदाच त्या फोटोवर नीट पडली. व्हॅनच्या मागच्या दारातून एक दांडा हातभर बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं होतं.

"आणि हे काय?" तो म्हणाला. "मी असलं फडकंबिडकं आयुष्यात कधी बांधलेलं नाही."

लांब सामान गाडीबाहेर आलं तर त्याला लाल कापड बांधायचं, हा नियम आहे. तो मोडल्याचं हा माणूस अभिमानाने सांगत होता. आणि माझ्या लक्षात आलं, की नियम मोडणाऱ्यांची बाजू घेण्याची पाळी आज माझ्यावर येणार.

२

पडद्यांच्या दुकानात पुढे काचेमागे मखमलीचे नमुने टांगलेले होते आणि मागे शिवणखोली होती. लांबलचक बेतायचं टेबल, वाफेची इस्त्री, पांढऱ्या जाळीचे ढीग, पितळी कड्यांचे डबे. मागच्या दाराबाहेर व्हॅन उभी असायची आणि दाराशेजारी खिळ्याला तिची किल्ली.

"किल्ली कोण घेतं?" मी मालकीणबाईंना विचारलं. त्या तोंडात टाचण्या धरून एका झालरीला चुण्या घालत होत्या.

"ज्याला लागेल तो," टाचण्या न काढता त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मला कुठे येते गाडी चालवता! पण दंड आहेत माझ्या नावावर." त्यांनी टाचण्या काढल्या. "यांची गाडी माझ्या नावावर घेतलीये ना. आमच्या भावाला ते मुळीच आवडत नाही. तो खूप बोलतो यांना."

'हे' म्हणजे मालक, आणि 'हे' अजून आलेले नव्हते. यायचे त्या वेळेनंतर बऱ्याच वेळाने आले, गाडी अर्धी पदपथावर चढवून, कानाला फोन लावून. असली माणसं मी रोज पाहते. स्वतःचा उशीर दुसऱ्याच्या रस्त्यावर भरून काढतात.

"अहो बाई, एका दंडाचं काय घेऊन बसलात!" ते म्हणाले. "रॉकेटला सवय आहे. नोटीस दुकानाच्या नावाने आली, मेहुण्यांनी चालक म्हणून त्याचं नाव कळवलं, विषय संपला."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"कापडाच्या व्यापाऱ्याकडे."

"कशाने गेलात?"

"माझ्या गाडीने... नाही, थांबा, ती तेव्हा गॅरेजमध्ये होती." ते क्षणभर अडखळले. "मित्राने सोडलं."

"मित्राचं नाव?"

"आता एवढं आठवतं का?"

ज्या मित्राने आपल्याला सोडलं त्याचं नाव आठवत नाही, असा माणूस मी आजवर पाहिलेला नव्हता. मी त्यांना म्हटलं, मला त्या कमानी बघायच्या आहेत, घेऊन चला. त्यांना फार आनंद झाला. गाडी चालवून दाखवायला मिळणं हेच अशा माणसांचं सुख असतं.

तो प्रवास मी विसरणार नाही. मालक फोनवर बोलत होते, माझ्याशी बोलत होते, पुढच्या गाडीवाल्याच्या आईवडिलांचा उद्धार करत होते. मी गप्प बसून काट्याकडे पाहत होते. एकशे चाळीस, मग एका ट्रकमागे अडकून पंचाऐंशी, मग पुन्हा एकशे तीस, फोन पडला तो उचलताना सत्तर. कमानी आल्या आणि गेल्या. मालकांना त्या दिसल्यासुद्धा नसाव्यात, आणि या फेरीचा दंडही आता गाडी न येणाऱ्या त्या बाईच्या नावावर येणार होता.

"या रस्त्यावर मर्यादा किती?" मी विचारलं.

"असेल काहीतरी," ते म्हणाले.

मी परत दुकानात जिवंत पोचले. मागच्या दारात पडदे बसवणारा मिस्त्री पडदे अडकवायच्या पट्ट्या कापत बसला होता. रॉकेटबरोबर व्हॅनमधून हिंडणारा हाच. त्याच्याकडेही परवाना होता. बोलणं म्हणजे खर्च असं त्याला वाटत असावं.

"त्या दुपारी?"

"एका रिकाम्या घरात पट्ट्या बसवत होतो."

"कुणाबरोबर?"

"एकटा. सकाळी रॉकेटने सोडलं, संध्याकाळी नेलं."

"कमानींच्या रस्त्यावर मर्यादा किती?"

"गाड्यांना एकशे दहा. व्हॅनला नव्वद."

"पाटीवर तसं लिहिलंय?"

"पाटीवर एकशे दहाच आहे. व्हॅनचं आपलं आपण लक्षात ठेवायचं."

बरोबर होतं. त्या पाट्या मोटारवाल्यांसाठी असतात, आणि व्हॅन घेऊन रोज रस्त्यावर जाणारा नवा पोरगाही पहिल्या आठवड्यात हे शिकतो. नाही शिकला तर दंड शिकवतो.

"रॉकेटचा परवाना गेला तर व्हॅन कोण चालवेल?" मी विचारलं.

मिस्त्रीने पट्टी खाली ठेवली.

"मी," तो म्हणाला.

३

एव्हाना माझ्याकडे दोन लबाड चेहरे जमले होते, आणि दोघांचाही मला मनापासून तिटकारा आला होता. म्हणून वरच्या मजल्यावर मालकांच्या मेहुण्यांकडे, म्हणजे मालकीणबाईंच्या भावाकडे, गेले तेव्हा जरा बरं वाटलं. दुकानाचा कारभार हेच बघत. मालकांची मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून सगळं दुकानच मामा म्हणतं. रॉकेटचं नाव कळवणारे हेच.

खोलीत धूळ नव्हती. पेन्सिली एका उंचीच्या. भिंतीवर पाट्या: 'वेग आवरा, जीव सावरा', 'घाई कुणाची? मरणाची!' कोटावर एक बिल्ला, एकही दंड न झालेल्या चालकाला मिळणारा. कोपऱ्यात गुंडाळलेला मोठा फलक, त्याचे दोन उंच लाकडी दांडे भिंतीला टेकवलेले. गावातल्या रस्ता सुरक्षा समितीचे ते मानद सदस्य होते. कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन वेगावर व्याख्यानं देत.

"या, बसा," ते म्हणाले, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवताना त्याखाली आधी चकती सरकवली. "तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण हा माणूस वाचवण्याच्या लायकीचा नाही. शाळेच्या गल्लीतून भरधाव जाणाऱ्याला मी माणूसच समजत नाही."

हे वाक्य अगदी माझं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या मताचा माणूस भेटला, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

"तुम्ही त्याला व्हॅन नेताना पाहिलंत?"

"पाहायची गरज काय? दुसरं कोण असणार?"

"तुमचे भावजी. मिस्त्री. तुम्ही."

मामा हसले. लहान मुलाच्या प्रश्नावर हसावं तसे. "माझी स्वतःची गाडी आहे. छोटी, पण मला पुरते. मी व्हॅनला हात लावत नाही."

"त्या दुपारी इथेच होतात?"

"इथेच. माझ्या टेबलाशी."

त्यानंतर ते बोलत राहिले. लोकांना शिस्त नाही, नियम म्हणजे कमीपणा वाटतो, एकेकाला पकडून रस्त्यावर उभं करायला हवं. मी ऐकत होते आणि माझी नजर कोपऱ्यात गेली. फलकाच्या त्या दोन दांड्यांपैकी एकाच्या टोकाला दोऱ्याची गाठ होती आणि गाठीत लाल कापडाची एक चिंधी अडकली होती. गाठ विसरून राहिली नव्हती. सोडता न आल्याने कापड नीट कात्रीने कापलेलं होतं, कडेकडेने, काटकोनात.

"हा फलक मोठा आहे," मी म्हटलं. "तुमच्या छोट्या गाडीत मावतो?"

पेल्याखालची चकती मामांनी बोटाने सरळ केली. ती सरळच होती.

"लोक येऊन घेऊन जातात," ते म्हणाले.

मी जिना उतरले आणि रॉकेटच्या बायकोला फोन केला. "नवऱ्याला घेऊन ये," मी म्हटलं. "आणि त्याला तोंड बंद ठेवायला सांग. आज बोलायचं काम माझं आहे."

४

शिवणखोलीत सगळे जमले. मालक इस्त्रीच्या टेबलावर टेकले, मालकीणबाई मशीनशी, मिस्त्री दारात, रॉकेट आणि त्याची बायको जाळीच्या ढिगाशेजारी. मामा मात्र खुर्ची आणून ताठ बसले.

माझ्याकडे काय होतं? एक चिंधी. ती कुठूनही आली असती. व्हॅन बाहेर नेताना मामांना कुणी पाहिलं नव्हतं, आणि दंड न झालेल्या सद्गृहस्थाच्या शब्दापुढे तीन दंडवाल्या रॉकेटचा शब्द कोण ऐकणार? कबुली मिळाली नाही तर परवाना जाणार होता. तेव्हा मला जे उत्तम येतं तेच करायचं ठरवलं. मला माणसांचा अपमान करता येतो.

"मी त्या व्हॅनच्या चालकाची ओळख पटवलेली आहे," मी सुरुवात केली. "आधी तो कोण नाही ते सांगते. मालक नाहीत. त्यांचा काटा मी पाहिलाय, तो एका जागी क्षणभर थांबत नाही. आणि लाल फडकं बांधण्याइतका वेळ त्यांच्या आयुष्यात नाही. त्या दुपारी ते मित्राबरोबरही नव्हते, पण कुठे होते ते त्यांनी मालकीणबाईंना सांगावं, मला नको."

मालकीणबाईंचं मशीन थांबलं. मालक फोन शोधू लागले.

"रॉकेट आणि मिस्त्री नाहीत, कारण दोघांना माहीत आहे, की तिथे व्हॅनला नव्वदची मर्यादा आहे आणि कमानी कशा मोजतात. हे दोघे शहाणे झाले तर तिथे नव्वदने जातील आणि पिसाळले तर दीडशेने जातील. एकशे नऊने कशाला जातील? दोन्ही टप्प्यांत तोच आकडा. एकशे दहाला एक कमी. ज्याला वाटतं आपली मर्यादा एकशे दहा आहे, आणि जो तिला जिवापाड जपतो, असाच माणूस एकशे नऊवर चिकटून राहील. म्हणजे मोटार चालवणारा. व्हॅनमध्ये बसला तरी पाटीवरचा मोटारीचा आकडा वाचणारा."

रॉकेट तोंड उघडणार होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ते मिटलं.

"आणि त्याच्याकडे लांब दांडे होते. पडद्यांच्या पट्ट्या व्हॅनमध्ये आडव्या मावतात, त्या बाहेर येत नाहीत. छोट्या गाडीत न मावणारे लाकडी दांडे होते ते, फलकाचे. टोकाला लाल कापड बांधून नेलेले."

सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या. ते शांत होते.

"कल्पना चांगली आहे," ते म्हणाले. "पुरावा?"

"पुरावा नाही," मी म्हटलं. "म्हणून मी अर्जात एवढंच लिहिणार, की चालवणारा कुणी बेताल, बेजबाबदार माणूस होता. रस्त्याची अक्कल नसलेला. दोन लेनमध्ये झोकांड्या खात, प्यायल्यासारखा चालवत होता. दांड्याला फडकं बांधलं तेसुद्धा थट्टेने असावं. अशा माणसाच्या हातात सायकलसुद्धा देऊ नये, असं माझं मत मी त्यात नोंदवणार."

मामांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"झोकांड्या? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दिसतंच आहे. असली माणसं एका लेनमध्ये राहूच शकत नाहीत."

"संबंध टप्पाभर मी डावी लेन सोडली नाही!" मामा उठून उभे राहिले. "काटा हलू दिला नाही! लोक मागून भोंगे वाजवत होते, शिव्या देत होते, तरी एकशे नऊच्या वर गेलो नाही! पाटीवर एकशे दहा लिहिलंय, स्वच्छ लिहिलंय! आणि ते फडकं चौपदरी घडी घालून बांधलं होतं, नियमात आहे तसं!"

मामांना आपण काय बोललो ते बाकीच्यांच्या तोंडांवर वाचावं लागलं.

"कुठे निघाला होतात?" मी विचारलं.

ते खाली बसले. उत्तर मालकीणबाईंनीच दिलं, अगदी हळू. "कमानींपलीकडच्या कारखान्यात याचं व्याख्यान होतं त्या दिवशी. वेगावर."

मिस्त्री हसला. दिवसभरात त्याने केलेला हा सगळ्यात मोठा खर्च.

५

"व्हॅनचं वेगळं असतं हे मला नोटीस आल्यावर कळलं," मामा म्हणाले. आवाज बसला होता, पण ताठा गेला नव्हता. "अनवधानाने झालं. मी गुन्हेगार नाही. याच्यावर तीन आहेत, तेही मुद्दाम केलेले. आणखी एकाने याला काय फरक पडतो? माझ्यावर एक आला तर समितीतून जावं लागेल. माझं ऐकून किती माणसं हळू चालवतात, याचा विचार करा."

मी आजवर शेकडो सबबी ऐकल्या. माशीची सबब तिच्यापुढे भाबडी वाटावी इतकी ही हलकट होती. शाळेच्या गल्लीत गाडी पळवणारा रॉकेट मला आवडत नाही, पण त्याने आपली घाण दुसऱ्याच्या अंगणात टाकली नव्हती.

तेवढ्यात मालकांना व्यवहार सुचला. माणूस व्यापारी होता. "हे बघ रॉकेट, घरातल्या घरात मिटवू. दंड तुझ्या नावावर राहू दे. वर्षभर तू इथे बेतायच्या टेबलावर काम कर, पगार चालू. वर्षाने परवाना परत मिळेल. मामांची अब्रू राहील, तुझी नोकरी राहील. काय?"

आणि मला जे दिसलं त्याने माझा संताप झाला. रॉकेट विचार करत होता! मी ज्याच्यासाठी दिवसभर या माणसांत घालवला तो गडी पगार चालू म्हटल्यावर मान हलवायच्या बेतात होता. पंख्याखाली बसून काम, वर मालक उपकारात. त्याने बायकोकडे बघितलं.

ती उठली. नोटीस तिने पिशवीतून काढली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली.

"याच्यावर जे तीन आहेत ते याने केलेत," ती म्हणाली. "मी कुणाला दोष दिला नाही. लोक तोंडावर बोलले, ऐकून घेतलं. शाळेच्या गल्लीतल्या बायका अजून माझ्याशी बोलत नाहीत, तेही बरोबर आहे. पण हा चौथा तुमचा आहे, मामा. माझी पोरं बापाला काय म्हणायचं ते त्याच्या स्वतःच्या कर्मावरून म्हणतील. तुमच्या नाही."

"अगं, पगार..." रॉकेट पुटपुटला.

"तू गप्प बस. तुला विकत घेतायत आणि तू भाव विचारतोयस!"

मालकीणबाई उठल्या आणि भावाच्या हातात पेन दिलं. "माझ्या नावावर नवऱ्याचे दंड आहेत," त्या म्हणाल्या. "तुला ते आवडत नाही म्हणून तू किती बोलायचास. सही कर."

चालक आपणच होतो असं नोटिशीवर लिहून मामांनी सही केली. अक्षर सुरेख होतं. पहिलाच दंड म्हणून त्यांना परवान्याला धक्कासुद्धा लागणार नव्हता, फक्त अर्धा दिवस एका वर्गात इतर दंडवाल्यांबरोबर बसून मर्यादा किती असते ते शिकायचं होतं. एवढ्यासाठी हा गृहस्थ एका घराचं वर्ष मातीत घालायला निघाला होता.

बाहेर आलो तेव्हा रॉकेटला धीर आला होता. परवाना वाचल्याचा आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता. "मॅडम, तुम्हाला सोडतो की! आधी तुम्हाला, मग हिला घरी," तो म्हणाला. "आत्ता पोचवतो बघा. तो सिग्नल हिरवा मिळाला ना, तर..."

त्याच्या बायकोचा चेहरा मी पाहिला. सकाळपासून जी बाई खचली नव्हती ती आता थकलेली दिसली. ती रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. मीही गेले. बस आली, आम्ही चढलो आणि मागच्या काचेपाशी बसलो.

बस निघाली तशी मागून व्हॅन आली. ओव्हरटेक करायला रस्ता मोकळा होता. पण रॉकेटने केलं नाही. बस थांबली की तो थांबायचा, बस हळू झाली की हळू व्हायचा. त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले, एकाने बाहेर डोकं काढून त्याला शिव्या घातल्या. रॉकेटने मान वर केली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर बसच्या मागच्या काचेवर.

"उतरायचं का पुढच्या थांब्यावर?" मी विचारलं. "बघ तरी त्याच्याकडे."

तिने मागे वळून पाहिलं नाही. पण दाबून धरलेल्या ओठांच्या कोपऱ्यात आता हसू फुटायला लागलं होतं.

"नको ताई," ती म्हणाली. "शेवटपर्यंत येऊ दे असाच."